शस्त्र, अरण्य आणि माणसाचा कान

दुसऱ्या महायुद्धावर सोव्हिएत संघात जे अनेक चित्रपट निघाले, त्यांतील बहुतेकांत शस्त्र पराक्रमाचे साधन म्हणून येते. एलेम क्लिमोव यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि १९८५ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘इदी इ स्मोत्री’ या चित्रपटात मात्र शस्त्राकडे त्याचा मार सोसणाऱ्या शरीराच्या बाजूने पाहिले जाते. ‘कम अँड सी’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटाचे कथानक १९४३ मधील जर्मनव्याप्त बेलारूसच्या अरण्यात घडते आणि त्याचा नायक फ्लोरा हा वाळूत पुरलेली रायफल उकरून काढून जंगलातील गनिमी सैनिकांना जाऊन मिळणारा एक कोवळा मुलगा आहे. क्लिमोव यांच्यासह पटकथा लिहिणारे अलेस अदामोविच स्वतः किशोरवयात अशाच एका गनिमी तुकडीत लढलेले होते आणि त्यामुळे चित्रपटातील रायफल, भूसुरुंग, बॉम्ब आणि टेहळणी विमान यांच्या परिणामांच्या चित्रणात अनुभवाचा नेमकेपणा आहे.

या चित्रणाचे वैज्ञानिक वाचन करण्यासाठी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, छत्तीसगडच्या सीमेला भिडलेला एटापल्ली तालुका हा महाराष्ट्रातील सर्वांत जवळचा संदर्भ ठरतो, कारण १९८० च्या दशकापासून चाललेल्या नक्षलवादी संघर्षात येथील माडिया गोंड गावांनी बंदुकीचा आणि भूसुरुंगाचा आवाज दीर्घकाळ ऐकला आहे. दोन्ही ठिकाणच्या संघर्षांची कारणे, बाजू आणि व्याप्ती सर्वस्वी भिन्न असल्याने त्यांची राजकीय तुलना येथे अभिप्रेत नाही. परंतु दाट झाडीत गोळी कशी जाते, स्फोटाचा दाब कसा पसरतो आणि कानाच्या आतील पेशींवर त्याचा काय परिणाम होतो, याचे नियम बेलारूसच्या बर्चच्या रानात आणि एटापल्लीच्या सागवनात एकच आहेत. शस्त्राचे विज्ञान नळीच्या तोंडाशी संपत नसून ते माणसाच्या कानापर्यंत आणि गावाच्या मातीपर्यंत पोहोचते, ही गोष्ट या नियमांच्या आधारे स्पष्टपणे दाखवता येते.

काडतुसातील ऊर्जा

फ्लोराच्या हाती लागणारी रायफल ही फ्योदोर तोकारेव यांच्या रचनेची एसव्हीटी-४० आहे. काडतुसातील दारू जळून जो वायू निर्माण होतो, त्याचा काही अंश नळीवरील एका छिद्रातून वळवून दट्ट्याला मागे ढकलण्यासाठी वापरायचा आणि त्या हालचालीनेच रिकामे कवच बाहेर टाकून नवे काडतूस भरायचे, हे या रायफलीचे तत्त्व होते. त्यामुळे १८९१ पासून रशियन सैन्यात असलेल्या मोसिन रायफलीप्रमाणे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी ओढण्याची गरज उरली नाही. काडतूस मात्र दोन्ही रायफलींचे एकच, ७.६२ × ५४ मिलिमीटर मापाचे होते आणि त्यातील सुमारे साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने बाहेर पडत असल्याने तिची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे तिच्या अंगी आलेली ऊर्जा, सुमारे ३,४०० ज्यूल भरते. संवेगाच्या, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराच्या, अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळी आणि वायू पुढे जाताना रायफल मागे येते. चार किलोहून थोडे कमी वजनाच्या या रायफलीच्या बाबतीत मागे येण्याचा हा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर इतका असतो आणि तो धक्का प्रौढ सैनिकाच्या खांद्यासाठी आखलेला असल्याने मुलाच्या शरीराला तो अधिक जाचतो.

महायुद्धाच्या अनुभवातून असे दिसून आले की बहुतेक चकमकी तीनचारशे मीटरच्या आत होतात आणि एवढ्या अंतरासाठी इतकी ऊर्जा अनावश्यक असते. म्हणून सोव्हिएत तंत्रज्ञांनी १९४३ मध्ये आखूड काडतुसाची रचना केली आणि त्यावरच पुढे मिखाईल कलाश्निकोव यांची एके-४७ आधारलेली आहे. तिच्या गोळीची ऊर्जा सुमारे २,००० ज्यूल, तर भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीच्या ५.५६ मिलिमीटर गोळीची ऊर्जा सुमारे १,६०० ज्यूल आहे. ज्येष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत साठ सहकाऱ्यांसह आत्मसमर्पण केले, तेव्हा खाली ठेवलेल्या ५४ शस्त्रांत या दोन्ही जातींच्या रायफली होत्या. सोव्हिएत रणभूमीवर सुरू झालेला काडतुसाच्या उत्क्रांतीचा प्रवास अशा रीतीने गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

चित्रपटातील एका प्रसंगात संधिप्रकाशात जर्मन मशीनगनच्या चमकत्या गोळ्या कुरणावरून जातात आणि फ्लोराने मोठ्या कष्टाने मिळवलेली गाय त्यांत मरते. या ट्रेसर गोळ्यांच्या बुडाशी मॅग्नेशियमची भुकटी आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम यांची संयुगे भरलेली असतात. मॅग्नेशियम तीव्र उष्णतेने जळते, स्ट्रॉन्शियममुळे ज्योत लाल व बेरियममुळे हिरवी होते आणि नेमबाजाला गोळीचा मार्ग दिसतो. हे मिश्रण जळत गेल्याने गोळीचे वस्तुमान वाटेतच घटते, म्हणून ट्रेसरचा मार्ग साध्या गोळीपेक्षा किंचित वेगळा पडतो. चित्रीकरणात खऱ्या गोळ्या वापरल्या गेल्या होत्या, असे फ्लोराची भूमिका करणारे अलेक्सेई क्रावचेन्को यांनी पुढे सांगितले आहे.

स्फोट आणि श्रवण

या चित्रपटाचा सर्वांत मोलाचा वैज्ञानिक भाग त्याच्या ध्वनीत आहे. जंगलातील तळावर बॉम्ब पडल्यानंतर फ्लोराला ऐकू येईनासे होते आणि त्याच क्षणापासून प्रेक्षकालाही संवादाऐवजी एक अखंड, टोकदार गुणगुण ऐकू येऊ लागते. वैद्यकशास्त्रात कर्णनाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे इतके यथातथ्य चित्रण चित्रपटांत विरळाच आढळते.

ही इजा कशी होते हे समजण्यासाठी स्फोट आणि ज्वलन यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. एक किलो सुके सरपण चुलीत जळताना जी उष्णता देते, ती एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेच्या जवळजवळ चौपट असते. परंतु लाकडाला हवेतून थोडाथोडा प्राणवायू घेत जळावे लागते, तर टीएनटीच्या रेणूतच प्राणवायू बांधलेला असल्याने त्यातील अभिक्रिया सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने पसरते आणि सगळी ऊर्जा एका मिलिसेकंदाहूनही कमी काळात मोकळी होते. इतक्या अल्पावधीत तापलेल्या वायूला पसरायला वेळ मिळत नाही, तो भोवतालची हवा एकदम दाबतो आणि ध्वनीपेक्षा वेगवान अशी दाबाची भिंत, म्हणजेच आघाततरंग, बाहेरच्या दिशेने धावतो. हा दाब अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, हाच माणसाचा मोठा बचाव असतो. मात्र वातावरणाच्या दाबात सुमारे एक तृतीयांशाची क्षणिक वाढही कानाचा पडदा फाडू शकते, कारण अतिसूक्ष्म दाबबदल टिपण्यासाठी घडलेला हा अवयव फुप्फुसापेक्षाही नाजूक आहे.

पडदा बहुधा भरून येतो. खरे नुकसान त्याच्या आत, शंखिका नावाच्या गुंडाळलेल्या नलिकेत होते. तेथे प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात, त्यांवरील सूक्ष्म रोम ध्वनीच्या लहरींनी डोलतात आणि मेंदूकडे विद्युत्संदेश पाठवतात. बंदुकीच्या बाराचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी १६० डेसिबलच्या आसपास पोहोचतो आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच आघातही या पेशी कायमच्या मारू शकतो. पक्ष्यांत रोमपेशी पुन्हा उगवतात, सस्तन प्राण्यांत उगवत नाहीत. म्हणून असे बहिरेपण औषधाने परत फिरत नाही. श्रवणचाचणीत ते बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या खाचेच्या रूपाने दिसते. साधे संभाषण यापेक्षा खालच्या स्वरांत चालत असल्याने सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र ‘स’, ‘फ’ यांसारखी बारीक व्यंजने नीट ऐकू येत नाहीत, आणि घरी माडिया बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाची ही अडचण भाषेची अडचण समजली जाण्याचा धोका राहतो.

आकाशातील डोळा आणि पानगळ

चित्रपटात वारंवार डोक्यावरून जाणारे दोन शेपूटदांड्यांचे विमान म्हणजे फॉके-वुल्फ १८९ हे जर्मन टेहळणी विमान होय. काचेने मढवलेल्या त्याच्या नाकातून निरीक्षकाला खालचा प्रदेश मोकळेपणाने पाहता येई आणि ते दिसल्यानंतर काही वेळाने बॉम्ब किंवा तोफगोळे येतात हे सैनिकांना अनुभवाने ठाऊक असे. आज तेच काम ड्रोन करतात, पण दोघांचाही अडसर वृक्षछत्र हाच आहे. शरीराच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण टिपणारे कॅमेरे अंधारात पाहू शकत असले तरी ते किरण पानांमधून आरपार जात नाहीत. एटापल्लीचे अरण्य साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे पानझडी अरण्य असल्याने हे छत्र वर्षभर सारखे नसते. उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गळून जंगल उघडे पडते आणि पावसाळ्यात ते पुन्हा मिटते, त्यामुळे दृष्टीचे अंतर ऋतूनुसार बदलते. याच उघड्या काळात मोहफुले वेचण्यासाठी आणि नंतर तेंदूपाने तोडण्यासाठी गावातील आबालवृद्ध पहाटेपासून रानात असतात. टेहळणीच्या यंत्राला उष्णतेचा ठिपका दिसतो. तो ठिपका कोणाचा, हे ठरवण्याची जबाबदारी माणसाकडेच राहते.

लोहयुक्त मातीतील शोध

अन्नाच्या शोधात निघालेले फ्लोराचे दोन सोबती वाटेत भूसुरुंगाने मारले जातात आणि कथा जवळजवळ न थांबता पुढे जाते, कारण सुरुंग हे असे शस्त्र आहे की ज्याला झाडणाऱ्याची उपस्थिती लागत नाही. जमिनीतील धातू शोधण्याचे हातात धरता येणारे परिणामकारक उपकरण १९४१ मध्ये पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. त्याच्या वेटोळ्यातील बदलता विद्युत्प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र पुरलेल्या धातूत प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाचा प्रतिसाद कानातल्या यंत्रात आवाज होऊन उमटतो. सोव्हिएत सैन्याने लाकडी पेटीचे सुरुंग मोठ्या प्रमाणावर वापरल्याने ही युक्ती अर्धवट निष्प्रभ झाली, कारण त्यांत धातू नावापुरताच असे.

एटापल्लीत या अडचणीला भूशास्त्राची जोड मिळते. तालुक्यातील सुरजागडचा डोंगर उच्च प्रतीच्या लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. त्यातील हेमॅटाइट स्वतः दुर्बल चुंबकीय असले तरी लोहयुक्त खडक झिजून झालेल्या तांबड्या मातीत मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट यांचे तीव्र चुंबकीय कण असू शकतात. अशी माती धातुशोधकाला स्वतःच प्रतिसाद देते, म्हणून उपकरणाची संवेदनशीलता घटवावी लागते आणि मग बारीक धातू निसटण्याची शक्यता वाढते. जमिनीत रेडिओलहरी सोडून शोध घेणारे रडार ओल्या चिकणमातीत कमी खोल जाते. अशा प्रदेशात प्रशिक्षित श्वानाचे नाक आणि पायी चालत रस्ता तपासणाऱ्या पथकाची नजर यांना पर्याय नसतो.

वाहनाला सुरुंगापासून वाचवण्याचा उपाय १९७० च्या दशकात आफ्रिकेच्या दक्षिण भागात परिपक्व झाला. वाहनाचा तळ सपाट असेल तर खालून येणारा स्फोट त्यावर सरळ आदळतो. तो नावेच्या तळासारखा निमुळता असेल तर दाब दोन्ही बाजूंना वळतो, आणि तळ जमिनीपासून उंच ठेवल्यास मधल्या अंतरातच तो बराच ओसरतो. याच तत्त्वावरील वाहने भारतात तेलंगणातील मेडक येथील आयुध निर्माणीत बनतात. परंतु २००५ मध्ये छत्तीसगडच्या विजापूर भागात असे वाहन उद्ध्वस्त होऊन मोठी प्राणहानी झाली आणि पोलादाच्या संरक्षणाला मर्यादा असल्याचे सिद्ध झाले. गडचिरोलीतच १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ साध्या खासगी वाहनातून निघालेले पंधरा पोलीस आणि वाहनचालक सुरुंगस्फोटात मृत्युमुखी पडले.

शस्त्रे शांत झाल्यानंतर

एटापल्ली तालुक्यात आता परिस्थिती पालटते आहे; गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या टापूत रस्ता आणि पूल झाले आणि १ जानेवारी २०२५ रोजी तेथे एसटीची बससेवा सुरू झाली. संघर्ष ओसरत असताना विज्ञानाचे काम मात्र वाढते, कारण पुरलेली स्फोटके तह वाचत नाहीत आणि मेलेल्या रोमपेशी शांततेने जिवंत होत नाहीत. बेलारूसमध्ये ६२८ गावे रहिवाशांसह जाळली गेली, असे चित्रपटाच्या अखेरीस नमूद केले आहे आणि त्या देशात महायुद्धकालीन स्फोटके आजही सापडतात. कोणतीही जमीन युद्ध इतक्या सहजासहजी विसरत नाही.

म्हणून तपासून निर्धोक ठरवलेल्या वाटा आणि रानांची नोंद ग्रामसभेपर्यंत पोहोचणे, रानात सापडलेल्या अनोळखी वस्तूला हात न लावता कळवण्याचे शिक्षण आश्रमशाळांत माडिया भाषेतून मिळणे, आणि चकमकीच्या किंवा स्फोटाच्या जवळ वाढलेल्या मुलांची, तसेच गावकऱ्यांची व पोलीस जवानांची श्रवणचाचणी ग्रामीण रुग्णालयात नियमित होणे, ही तीन कामे शस्त्राच्या विज्ञानाचाच अविभाज्य भाग मानली पाहिजेत. मुलांच्या आरोग्यतपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात श्रवणदोषांचा समावेश आधीपासून आहे. त्याला या तालुक्याच्या इतिहासाची जाणीव जोडली तर मुलांची ही श्रवणचाचणी थोड्या खर्चात शक्य होईल. गोळीचा वेग मोजणारे शास्त्र जितके काटेकोर असते, तितक्याच काटेकोरपणे तिने मागे ठेवलेली इजा मोजणे हे त्या शास्त्राचे कर्तव्य आहे, आणि एटापल्लीतील मुलांना वर्गातला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येणे ही त्या कर्तव्याच्या पूर्ततेची खरी कसोटी ठरेल.