फुलांच्या बेटावर एकट्याचा दिवस

सहल म्हटली की डोळ्यांपुढे माणसांचा घोळका उभा राहतो. डबे, सतरंज्या, मुलांचा गलका आणि परतीच्या गाडीची धांदल ही तिची अंगेच मानली जातात. एखादा मनुष्य एकटाच फुले पाहावयास निघाला, तर त्याचे काहीतरी बिनसले असावे, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समज होतो. परंतु एकटेपणा आणि एकांत या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकटेपणा न मागता वाट्याला येतो. एकांताची मात्र जोपासना करावी लागते. तो लाभावा अशी जागा कोणीतरी राखून ठेवावी लागते. जपानच्या क्यूशू बेटावरील फुकुओका शहरासमोर, हाकाताच्या आखातात वसलेले नोकोनोशिमा हे लहानसे बेट म्हणजे अशीच एक राखलेली जागा आहे.

फुकुओका हे पंधरा लाखांहून अधिक वस्तीचे गजबजलेले शहर. तेथील भुयारी रेल्वेने मेइनोहामा या स्थानकावर उतरावे, तेथून बसने धक्क्यावर जावे आणि नगरपालिकेच्या बोटीत बसावे. अवघ्या दहा मिनिटांत बोट बेटाला लागते. बेटाचा घेर सुमारे १२ किलोमीटर आणि वस्ती हजाराच्या आत. शहर इतके जवळ असूनही बेटाला जोडणारा पूल नाही, आणि बोटी साधारणतः तासातासाने सुटतात. एक बोट चुकली तर धक्क्यावर समुद्राकडे पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. शहरातून आलेल्या माणसाचा उतावीळपणा पहिल्यांदा ओसरतो तो येथे.

धक्क्यापासून बेटाच्या उत्तर भागातील उद्यानापर्यंत बस जाते; तिला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्याला घाई नाही त्याने मात्र पायीच निघावे. तासाभराची चढण आहे, पण ती कंटाळवाणी नाही. वाटेत संत्र्याच्या जातीच्या फळांच्या बागा लागतात. वळणावळणावर झाडीतून समुद्र डोकावतो, आणि मागे राहिलेल्या शहरातील उंच इमारती पाहता पाहता खेळण्यांएवढ्या होतात. सोबतीला कोणी नसल्यामुळे कोठे थांबावे आणि किती वेळ थांबावे, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

हे उद्यान कोणा राजाने वा सरकारने वसविलेले नाही. त्यामागे बेटावरील कुबोता कोसाकु या शेतकऱ्याचे परिश्रम आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जपानात कारखानदारी झपाट्याने वाढली. खेड्यांतील तरुण शहरांकडे वळले आणि डोंगरउतारावरील लहान शेतीचा निभाव लागणे कठीण होऊन बसले. अशा वेळी जमीन विकून टाकणे हा सोपा मार्ग होता. कुबोता यांनी तो न धरता जमिनीतून वेगळे पीक काढण्याचे ठरविले. शहर वाढेल तसतशी शहरवासीयांना मोकळ्या निसर्गाची भूक लागेल, ही जाणीव त्या निश्चयामागे होती. झाडे लावून ती वाढविण्यात वर्षे गेली आणि १९६९ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज ते सुमारे १५ हेक्टर जागेवर पसरले आहे. पिकाची जात तेवढी बदलली. नांगरणी, पेरणी, खुरपणी आणि आभाळाकडे लागलेली नजर ही शेतकऱ्याची कामे मात्र चुकली नाहीत.

वसंताच्या आरंभी येथे मोहरीच्या कुळातील पिवळी फुले उतारावर दाटतात. मागोमाग चेरी आणि अझेलिया फुलतात. उन्हाळ्यात सूर्यफूल आणि झेंडू येतात. हिवाळ्यात नार्सिसस व कॅमेलिया यांची पाळी असते. परंतु बेटाची खरी ख्याती आहे ती शरद ऋतूतील कॉसमॉसमुळे. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूप्रमाणेच कॉसमॉसही मूळचे मेक्सिकोचे. युरोपमार्गे ते जगभर पसरले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानात रुजले. जपानी लोकांनी त्याला ‘शरदातील चेरी’ अशा अर्थाचे नाव देऊन आपलेसे केले.

या फुलाचा कालनिर्णय मोठा नेमका असतो. कॉसमॉसच्या मूळ जातींना कळ्या धरण्यासाठी दिवस लहान आणि रात्री लांब व्हाव्या लागतात. खतपाण्याची कितीही रेलचेल केली तरी रात्र पुरेशी लांबल्यावाचून असे झाड सहसा फुलत नाही. उलट खत जास्त झाले तर पाला माजतो आणि फुले कमी येतात. शिवाय देठ नाजूक असल्यामुळे फार उंच वाढलेली रोपे वाऱ्यात लोळतात. म्हणून पेरणीची वेळ नीट साधावी लागते. लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या जाती ठेवल्या म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बहर टिकतो. पाहणाऱ्याला जे सहज वाटते, त्याच्यामागे कोणाचा तरी असा हिशेब असतो.

माध्यान्ही भूक लागली तर बेटाच्या नावाने ओळखले जाणारे बारीक उदोन, म्हणजे गव्हाच्या शेवया, गरम रश्शात मिळतात. उद्यानातच जुन्या वळणाच्या लाकडी घरांची एक गल्ली आहे. तीत रमतगमत फिरून पुन्हा उतारावर येऊन बसावे. फुलांच्या पलीकडे निळे पाणी आणि त्यापलीकडे शिकानोशिमा हे दुसरे बेट दिसते. १७८४ साली शेतात सापडलेली सुप्रसिद्ध सुवर्णमुद्रा त्याच बेटावरची.

या पाण्याला एक जुनी व्यथाही आहे. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या जपानी काव्यसंग्रहाच्या सोळाव्या खंडात तिची हकिकत आली आहे. त्सुशिमा बेटावर धान्य पोचविण्याची आज्ञा एका वृद्ध नावाड्याला झाली. वयामुळे त्याला ते झेपेना. त्याने शिका येथील आराओ नावाच्या कोळ्याला विनविले, आणि आराओने त्याच्याऐवजी जाण्याचे कबूल केले. वादळात नाव बुडाली; आराओ परतला नाही. याराच्या भूशिराला वळसा घालून ती नाव येताना कोणी पाहिली काय, असा त्याच्या घरच्यांचा आक्रोश त्या कवितांत आहे. हे याराचे भूशिर नोकोनोशिमाच्याच उत्तर टोकाला आहे. आज जेथे मनुष्य स्वस्थपणे फुले पाहत बसतो, तेथूनच जवळ कोणाची तरी वाट पाहून डोळे शिणले होते. घोळक्यात ही कथा केवळ कानांवरून जाते. एकट्याला ती काही काळ सोबत करते.

मात्र ऑक्टोबरातील सुटीच्या दिवशी येथेही गर्दी लोटते. म्हणून एकांत हवा असलेल्याने कामाच्या वाराची सकाळ निवडावी, परतीच्या बोटीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि मग दिवसभर घड्याळाकडे पाहू नये. सायंकाळी बोट धक्का सोडते, समोर शहराचे दिवे लागतात आणि दहा मिनिटांत पुन्हा तोच गलबला सुरू होतो. शहर बदललेले नसते. पण निघालेला मनुष्य आणि परतलेला मनुष्य यांत थोडे अंतर पडलेले असते. एका शेतकऱ्याने जमीन न विकता तेथे फुले लावली, म्हणून हे अंतर पडू शकले. प्रत्येक वाढत्या शहराजवळ अशी एखादी जागा कोणी राखली आहे काय, हा प्रश्न त्या बोटीतून उतरताना मनात आल्यावाचून राहत नाही.