आधी भक्ती, मग बंड

१९८९ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘माकाई तोशी सागा’ नावाचा खेळ आला. जगाच्या मध्यभागी एक अजस्र मनोरा आणि त्याच्या माथ्यावर स्वर्ग, अशी कथा. खेळाडू राक्षसांशी झुंजत मजल्यामागून मजले चढतो. माथ्यावर पोचतो तेव्हा समोर साक्षात सृष्टिकर्ता उभा असतो आणि शांतपणे सांगतो, की खालचा सगळा उच्छाद त्यानेच आपल्या करमणुकीसाठी मांडला होता. मग देवाशीच लढाई! प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या एका चुकीमुळे या लढाईत यांत्रिक करवत चालवली, की देवाचा एका फटक्यात निकाल लागतो. व्हिडिओ गेमच्या दुनियेत हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो.

पुढे देव मारण्याची रीतच पडली. १९९४ च्या ‘शिन मेगामी तेन्सेई २’मध्ये शेवटचा शत्रू म्हणून बायबलमधला देव त्याच्या हिब्रू नावानिशी येतो. अमेरिकेत २००५ पासून ‘गॉड ऑफ वॉर’ने ग्रीक देवांची कत्तल मांडली आणि २०१० च्या तिसऱ्या भागात ऑलिंपस पर्वत ओस पाडला. २०१६ च्या ‘पर्सोना ५’मध्ये शाळकरी पोरं याल्दाबाओथला गोळी घालतात. हे नाव आलंय प्राचीन ज्ञानवादी ख्रिस्ती पंथांकडून. आपल्याला बांधून ठेवणारं हे अपुरं जग एका अज्ञानी, दुय्यम निर्मात्याने घडवलं, असं हे पंथ मानत. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ त्यांच्या पोथ्या मातीच्या रांजणात सापडल्या. सत्तर वर्षांनी जपानी खेळकर्त्यांना त्यांत आयता खलनायक मिळाला.

या बहुतेक खेळांतलं बंड मात्र स्वस्त असतं. देव दुष्ट निघतो, नायक त्याला मारतो, श्रेयनामावली सुरू होते. नायकाची त्या देवावर आधी श्रद्धा होती का, ती तुटताना त्याचं काय झालं, या प्रश्नांना तिथे फुरसत नसते. त्यांना पुरेसा वेळ देणारा खेळ म्हणून ‘फायनल फँटसी टेन’कडे पाहावं लागतं.

स्क्वेअर कंपनीचा हा खेळ १९ जुलै २००१ रोजी जपानमध्ये ‘प्लेस्टेशन २’वर आला. कथालेखक काझुशिगे नोजिमा, पात्रांचं रेखाटन तेत्सुया नोमुरा यांचं. या मालिकेत पात्रं पहिल्यांदाच आवाजात बोलली. खऱ्या धर्माला हात लावणं तेव्हा अडचणीचं होतं. त्याआधीच्या दशकात निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने खेळांतली धार्मिक चिन्हं कटाक्षाने पुसली होती. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या देवळांवरचे क्रूस गेले, ‘फायनल फँटसी सिक्स’मधला ‘होली’ हा मंत्र ‘पर्ल’ होऊन अमेरिकेत उतरला. दहाव्या भागाच्या कर्त्यांनी चक्क नवा धर्मच रचला. देवळं, धर्मपीठ, निषिद्ध गोष्टी, नमस्काराची मुद्रा, स्तोत्र, हुतात्म्यांच्या मूर्ती, सगळं साग्रसंगीत.

या जगाचं नाव स्पिरा. बेटं, निळा समुद्र, सैलसर रंगीत पोशाख. ओकिनावा आणि आग्नेय आशियाची छाप उघड दिसते. स्पिरावर हजार वर्षं ‘सिन’ नावाचा डोंगराएवढा जीव घिरट्या घालतो आहे. तो किनाऱ्याला लागला की गाव संपतं. ‘येवन’ धर्माची शिकवण अशी: पूर्वजांनी यंत्रांचा माज केला, सिन ही त्याची शिक्षा. यंत्रं सोडा, प्रायश्चित्त घ्या, एक दिवस सिन कायमचा जाईल. तोवर उपाय एकच. ‘समनर’ म्हणजे आवाहन करणाऱ्या व्यक्तीने देवळोदेवळी प्रार्थना करत झानारकंड या उद्ध्वस्त नगरीपर्यंत यात्रा करायची, तिथे अंतिम आवाहनाची शक्ती मिळवायची आणि सिनला पाडायचं. त्यात समनरचा प्राण जातो. सिन काही काळाने परत येतो. मधल्या काळाला लोक ‘काम’ (calm), म्हणजे शांतीचा काळ म्हणतात. हजार वर्षांत हे साधलेले समनर मोजून पाच. शेवटचा ब्रास्का, आणि सतरा वर्षांची नायिका युना ही त्याची मुलगी.

यात्रा निघते तेव्हा खेळाडूला शेवटचं मरण ठाऊक नसतं. दुसऱ्या जगातून आलेल्या टीडस या मुलाच्या नजरेतून तो सारं पाहतो आणि टीडसला कुणी सांगत नाही. बाकी सगळ्यांना माहीत असतं, युनाला तर पहिल्या दिवसापासून. खेळ अर्ध्यावर आल्यावर हे उघड होतं आणि तोवर हसतखेळत ऐकलेले कितीतरी संवाद उलटून अंगावर येतात. यंत्रं वापरतात म्हणून पाखंडी ठरवलेले अल बेड लोक समनरांना पळवून का नेत होते, तेही तेव्हाच कळतं: त्यांना जिवंत ठेवण्यासाठी.

या धर्माला खोटं म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्याची काही कर्मं खरोखर माणसांच्या उपयोगाची आहेत. किलिका हे बंदर सिनने उद्ध्वस्त केल्यावर युना अनवाणी पाण्यावर उभी राहून काठी फिरवत नाचते. खाली शवपेट्या, भोवती आक्रोश, आणि मृतांचे प्रकाशकण एकेक वर जाऊ लागतात. ही मृतांची पाठवणी. ती झाली नाही, तर मेलेले जिवंतांचा हेवा करत राक्षस होतात. जपानमध्ये ओबोन सणात पूर्वज घरी येतात आणि अनेक ठिकाणी त्यांना कागदी कंदील पाण्यावर सोडून निरोप दिला जातो. ओकिनावात याच दिवसांत एइसा हे सामूहिक नृत्य होतं. जपानी खेळाडूला किलिकाचं दृश्य परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

देवळांत खेळाडूकडूनही कर्मकांड करून घेतलं जातं. प्रत्येक देवळात गोळे योग्य खोबणीत बसवत, कोडी सोडवत आत जायचं, मग गाभाऱ्याच्या दारापाशी थांबायचं. आत फक्त समनर जाणार. पार्श्वभूमीला तेच स्तोत्र, प्रत्येक देवळात निराळ्या आवाजात. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी ‘फेथ’ असतात: जिवंतपणी आपला आत्मा दगडात कोंडून घेतलेली माणसं. त्यांच्या स्वप्नांतून ‘एऑन’ साकारतात आणि समनरच्या हाकेला धावून येतात. एऑनांची नावं जगभरातून गोळा केलेली. इफ्रित आणि बहामुत अरबी कथांतले, इक्सिऑन ग्रीक. आणि मॅकालानियाच्या बर्फाळ देवळात भेटते ती शिवा, निळ्या कांतीची हिमदेवी! ‘फायनल फँटसी’मध्ये शिवा १९९० च्या तिसऱ्या भागापासून स्त्रीच आहे. भारतीय खेळाडू पहिल्यांदा दचकतो, मग सवय होते.

बंडाची तयारी खेळ फार सावकाश करतो. धर्मपीठ असलेल्या बेव्हेल शहराच्या पोटात यंत्रं सुखेनैव चालू असतात. बंदी फक्त इतरांना. सर्वोच्च धर्मगुरू मिका हा कधीच मेलेला आहे, पण पाठवणी न झाल्यामुळे गादीवर कायम. मेलेल्यांनी राज्य करणं जिवंतांपेक्षा बरं, असा त्याचा युक्तिवाद. वाक्का हा युनाचा रक्षक कट्टर येवनभक्त. त्याचा भाऊ अल बेडांचं शस्त्र घेऊन लढताना मेला, म्हणून तो त्या जमातीवर खार खाऊन असतो. सोबत चालणारी चुणचुणीत रिक्कू अल बेड निघाल्यावर तो तिच्याशी बोलणं टाकतो. वाक्काचं ताठरपण उतरायला कितीतरी तास जातात आणि तेही हिसके देत. खेळातला सगळ्यांत खरा भक्त तोच वाटतो, त्याच्या द्वेषासकट.

युनावर धर्मद्रोहाचा खटला चालतो. ती पळून सुटते. एखाद्या साध्या लेखकाने इथेच तिच्या हातात मशाल दिली असती. नोजिमांची युना मात्र पुन्हा यात्रेलाच लागते. धर्मपीठ सडलं असेल, पण लोकांना शांतीचा काळ हवा आहे, म्हणून ती मरायला निघते.

मग झानारकंड. तिथे युनालेस्का भेटते: हजार वर्षांपूर्वी सिनला प्रथम पाडणारी, आता देवतेसारखी पूजली जाणारी आणि अर्थात मेलेली. ती सांगते, अंतिम एऑन तयार मिळत नाही. समनरने आपल्या एका जिवलग रक्षकाला त्यासाठी अर्पण करायचं. तो एऑन सिनला मारतो आणि मग तोच नवा सिन होतो. म्हणजे दर खेपेला मुद्दल तसंच ठेवून व्याज फेडायचं, तेही माणसांच्या जिवांनी. सध्याचा सिन म्हणजे टीडसचा बाप जेक्ट, ब्रास्काचा रक्षक. प्रायश्चित्ताने सिन जाईल ही शिकवण म्हणजे लोकांना जगायला दिलेली खोटी उमेद होती आणि युनालेस्काला त्यात काही गैर वाटत नाही. दुःख सोसायला माणसाला आशा लागते, मग ती खोटी का असेना.

युना नकार देते. तिला हवी आहे ती आशा, पण अशी नको. युनालेस्काला मारल्यावर अंतिम आवाहनाचा मार्ग कायमचा बंद होतो. सिनला थोपवायचा माहीत असलेला एकमेव उपाय बंडखोरांनी स्वतःच्या हाताने मोडलेला असतो आणि पर्याय हाती काहीच नसतो. हे ऐकून मिका हताश होतो आणि विरून जातो. खेळांच्या इतिहासात बंडाची किंमत इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच मांडली गेली आहे. खोट्या बंडाचा नमुनाही शेजारीच ठेवलेला आहे. बापाचा खून करून धर्मगुरू झालेला सेमूर म्हणतो, सगळ्यांना मारून टाकलं की दुःख उरणार नाही, म्हणून मीच सिन होतो. बंडाची भाषा, पण मृत्यूची पूजा येवनचीच.

शेवटी सिनच्या पोटात यु येवन सापडतो. हजार वर्षांपूर्वी झानारकंडचं स्वप्न जिवंत ठेवण्यासाठी सिनचं कवच रचलेला समनर, ज्याच्या नावाने धर्म चालतो तो. त्याच्यात आता मनच उरलेलं नाही. चिकटायला शरीर शोधणारा गोचिडीसारखा जीव एवढंच त्याचं रूप. ना आरोळी, ना भाषण. तो युनाच्या एकेका एऑनमध्ये शिरतो आणि खेळाडूला आपलेच एऑन, चाळीस-पन्नास तासांचे सोबती, स्वतः मारावे लागतात. या लढाईत सहसा हरता येत नाही: पात्र पडलं की आपोआप उठतं. कुणाला हा दोष वाटेल. खरं तर योजना चोख आहे. देवाची दहशत संपल्यावर उरतं ते फक्त निरोपाचं काम. फेथ तर स्वतःच हे मागत असतात, स्वप्न पाहून थकलेले. ते निजले की एऑन जातात आणि त्यांच्याच स्वप्नातून आलेला टीडसही जातो.

या सगळ्यात धर्माची चिन्हं फेकून दिली जात नाहीत, हे या खेळाचं खरं वैशिष्ट्य. येवनची नमस्काराची मुद्रा टीडस पहिल्याच गावात ओळखतो: फेथांच्या स्वप्नातल्या त्याच्या झानारकंडमध्ये ब्लिट्झबॉल या पाण्यातल्या खेळाचे खेळाडू विजयासाठी हीच खूण करत. स्तोत्राचंही तसंच. जेक्टला ते आवडायचं, म्हणून शेवटच्या लढाईआधी अख्ख्या स्पिराला ते गायला सांगितलं जातं आणि सिन शांत होतो. धर्मपीठाची मालकी संपते, गाणं लोकांकडे राहतं.

जपानमध्ये हा विषय हवेतला नव्हता. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला आणि त्याच वर्षी संसदेने धार्मिक संस्थांचा कायदा कडक केला. खेळाचा उगम त्या घटनेत शोधणं घाईचं होईल, पण तारणाच्या नावाने मरण वाटणारा पंथ त्या पिढीने डोळ्यांनी पाहिला होता. या कथेची पकड अजून सुटलेली नाही. मार्च-एप्रिल २०२३ मध्ये टोकियोत तिचं काबुकी नाटक झालं. ओनोए किकुनोसुके टीडस झाले आणि काबुकीच्या रिवाजाप्रमाणे युनाची भूमिकाही पुरुषाने, नाकामुरा योनेकिचीने केली.

आपल्याकडे मामला नाजूक आहे. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या अमेरिकी खेळात कालीमाता लढवल्याबद्दल हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी आक्षेप घेतला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा देखणा खेळ आणला. त्यात दुर्गा आणि विष्णू नायिकेच्या पाठीशी उभे राहतात आणि तिची गोष्ट सांगतात. राजी देवांना जाब विचारत नाही. जनाबाई आणि नामदेवांनी विठ्ठलाला जसं तोंडावर सुनावलं, तसं एखादं भांडण तिथे चाललं असतं.

‘फायनल फँटसी टेन’ची सुधारित आवृत्ती संगणक, स्विच आणि प्लेस्टेशनवर मिळते. खेळलात, तर मोठ्या लढायांच्या गडबडीत शेलिंडाला विसरू नका. ही साधी धर्मसेविका वाटेत पुन्हा पुन्हा भेटते, दर वेळी आपल्या श्रद्धेला टेकू देत. धर्मपीठ कोसळल्यावर बेव्हेल सांभाळायला हीच उरते आणि स्तोत्राचा निरोप गावोगाव पोचवते. तिच्याशी दर वेळी थांबून बोला. याच कथेच्या २००३ च्या उत्तरभागात ती बातमीदार झालेली आहे.