पिंपातलं पाणी आणि डोळ्यातली लेन्स

कॉन्टॅक्ट लेन्स म्हटलं की दुकानातला आरसा आणि चष्म्याविना दिसणारा चेहरा आपल्याला आठवतो. आज आपण त्याच लेन्सकडे सोलापूरच्या घरातून बघणार आहोत. लेन्स डोळ्यात दिवसभर असते, पण ती सांभाळली जाते मोरीत, स्वयंपाकघरात आणि चार माणसांच्या घाईगडबडीत. आमच्या मते तिचं खरं दुखणंही तिथेच आहे.

आधी मऊ लेन्स म्हणजे काय ते बघू. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभं केलं आणि त्यावर मऊ लेन्स घडवली. पुढच्या कामात त्यांच्या पत्नी लिंडा यांनीही हात लावला. म्हणजे ही वस्तू जन्मलीच घरात! तिचं प्लास्टिक पाणी पिऊन मऊ होतं. म्हणून ती डोळ्यात टोचत नाही, आणि म्हणूनच पाण्याशी तिचं फार जपून वागावं लागतं.

आता आपल्या पाण्याचं बघा. उजनी भरलं तरी सोलापूरकराच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे घरोघरी पिंप, बॅरल, हौद, गच्चीवरची टाकी. साठवलेल्या पाण्यात आणि टाकीच्या बुडाशी बसलेल्या गाळात अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशीय जीव मजेत राहतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती जाड कवच करून घेतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला मग तो दाद देत नाही. पोटात गेला तर सहसा काही बिघडत नाही. पण लेन्सला चिकटून बुबुळावर, म्हणजे कॉर्नियावर पोचला आणि तिथे बारीकसा ओरखडा असला, तर तो आत शिरतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि काहींना शेवटी नेत्ररोपणच करावं लागतं. आपल्याकडे हा आजार लेन्स न वापरणाऱ्यांनाही होतो, शेतात काम करताना डोळ्यात माती किंवा गढूळ पाणी गेल्यावर. लेन्सवाल्यांनी मात्र त्याला रोजची वाट मोकळी करून देऊ नये.

यावर हमखास प्रश्न येतो : उकळलेलं पाणी चालेल का? फिल्टरचं? नाही. उकळताना जीव मरतात, पण गार होऊन तांब्यात राहिलेलं पाणी पुन्हा निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ घालून केलेलं पाणी तर अजिबात नको. १९८० च्या दशकात अमेरिकेत लेन्सवाल्यांमध्ये हा आजार वाढला, तेव्हा घरी मिठाच्या गोळ्या विरघळवून केलेल्या द्रावणाकडेच बोट गेलं होतं. लेन्सला लागेल ते फक्त बाटलीतलं सोल्यूशन, तेही रोज नवं. कालच्यावर चार थेंब ओतून भागवायचं नाही. डबीसुद्धा सोल्यूशननंच धुवायची, पालथी घालून कोरडी करायची आणि तीनेक महिन्यांनी फेकून द्यायची.

हात साबणानं धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. इथं एक गंमत आहे. आपल्या गावचा टर्किश टॉवेल जगभर जातो, पण लेन्स घालण्याआधी हात पुसायला तो नवाकोरा नको, त्याची लव बोटाला लागते आणि लेन्सवर बसते. धुऊन धुऊन लव गेलेल्या जुन्या पंचाचा स्वच्छ, वाळलेला तुकडा बरा. लूमवर काम करणाऱ्यांना हवेतला सुताचा कीस सोसावा लागतो, विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूची धूळ. अशा कामाच्या वेळी आम्ही चष्माच सुचवतो. शेंगाचटणी कुटणाऱ्या हाताला तर साबणानंही तिखट सोडत नाही, म्हणून लेन्स घालायची तर स्वयंपाकाआधी, आणि काढायच्या आधी हात दोनतीनदा धुवायचे. चुलीजवळ गेलं की लेन्स वितळून डोळ्याला चिकटते असं काही बाया सांगतात, ते मात्र खरं नाही. वाळते, खुपते, एवढंच. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ती एरवीही वाळतेच.

आता अवघड विषय. लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीचा चष्मा उतरतो आणि लेन्स येते. त्यात वाईट काही नाही. मायनस १० चा चष्मा म्हणजे जाड काच, डोळे बारीक दिसतात, जगही लहान दिसतं. डोळ्यालाच टेकलेल्या लेन्सचा नंबर साधारण मायनस ९ वर येतो आणि कडेचंही नीट दिसतं. वाईट हे की नंबर सासरी सांगितलेला नसतो. मग डबी कपाटात कपड्यांखाली. पाहुण्यांसमोर काढता येत नाही म्हणून लेन्स घालूनच झोपायचं, लेन्ससकट डोक्यावरून न्हायचं, सोल्यूशनची बाटली मागायची चोरी म्हणून ती पुरवून पुरवून वापरायची. झोपेत लेन्स ठेवली तर जंतुसंसर्गाचा धोका कैक पटींनी वाढतो, हे या घरात कोण कुणाला सांगणार? आई-वडिलांना आम्ही स्पष्टच म्हणतो : नंबर सांगा, आणि मुलीच्या सामानात चष्मा द्या. लेन्सवाल्याकडे चालू नंबरचा चष्मा नसेल, तर डोळा लाल झाल्यावरही ती लेन्स काढत नाही, कारण काढली की पोळपाट दिसत नाही.

काही मुलांना तर लेन्स हा शौक नसतोच. केराटोकोनस या आजारात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. नागपूरकडच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. बुबुळाच्या वक्रतेवरून शंभरात साधारण दोघांना तो आढळला. आजार वाढला की चष्म्यानं नीट दिसत नाही, कडक लेन्सच लागते. पोर सारखं डोळे चोळत असेल आणि नंबर, त्यातही सिलिंडर, भराभर बदलत असेल, तर नुसत्या चष्म्याच्या दुकानातून परत येऊ नका, बुबुळाचा नकाशा काढून घ्या. आजार वाढत असेल तर क्रॉसलिंकिंगनं तो बहुतेकदा थोपवता येतो, मात्र गेलेला आकार पूर्ववत होत नाही.

चाळिशीच्या बायकांचं एक. चष्मा काढला की सुईत दोरा ओवता यायचा, लेन्स घातल्यावर येईना, म्हणजे लेन्स खराब का? नाही. मायनसवाल्याला जवळचं उघड्या डोळ्यानं दिसतं, पण लेन्स शिवताना काढून ठेवता येत नाही. वर वाचायचा चष्मा लावा.

आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर झालं, तर लेन्स लगेच काढायची, परत घालून बघायची नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणायचे नाहीत, त्यांनी लाली उतरते आणि आतला आजार वाढत राहतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, आणि जाताना लेन्स आणि डबी न धुता सोबत न्यायची, तपासणीला उपयोगी पडते.