उशिरा फुलणारी तूर

जालना जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास एकाच आठवड्यात पेरलेली तुरीची दोन शेतं शेजारी दिसतात. एक पिवळंधमक फुललेलं, दुसरं नुसतंच हिरवं. तूर रात्रीचं माप घेऊन फुलते. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही, आणि ‘पुरेशी’ म्हणजे किती हे वाणावाणाप्रमाणे बदलतं. भांगेचंही असंच. युरोपात धाग्यासाठी भांग लावणारे मुद्दाम दक्षिणेकडची, उशिरा फुलणारी जात निवडतात. फुलोरा लांबला की खोड वाढत राहतं.

तुरीत आपल्याला दाणा हवा, म्हणून उशीर हा दोष ठरला. त्यात तथ्य आहे. पाऊस लवकर उघडला की हलक्या-मध्यम जमिनीत उशिराच्या वाणाची दाणे भरताना ओल संपते. जालन्याजवळ बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथला बीडीएन ७११ हा वाण सुमारे १५५ दिवसांत निघतो. तिथल्याच बीएसएमआर ७३६ ला सुमारे १८० दिवस लागतात.

पण हा दुसरा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. वांझ रोगाचा विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमार्फत पसरतो. झाड हिरवंगार राहतं, फुलतच नाही. अशा रोगापुढे महिनाभराचा उशीर मला तरी स्वस्त वाटतो.

मग प्रतिकारशक्ती उशिराच्या झाडाची आणि घाई लवकरच्या झाडाची, असं का जुळवू नये? अडचण साधी आहे: दोघांची फुलं एका वेळी भेटत नाहीत. म्हणून लवकरचा वाण टप्प्याटप्प्याने, मागाहून पेरतात. किंवा उशिराच्या झाडावर रोज काही तास अंधार धरून त्याला आधी फुलवतात. संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत लवकर, मध्यम, उशिरा अशी सगळी झाडं एकाच वाफ्यात निघतात. मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, म्हणून निवडलेली झाडं जाळीखाली झाकावी लागतात. खरी कसोटी इथेच. आधी फुललेली तेवढीच उचलली, तर रोगाला तोंड देणारी काही झाडं फुलायच्या आतच निवडीतून बाद होतात. त्यामुळे वाफा शेवटच्या झाडापर्यंत राखावा लागतो, आणि एवढ्यात वर्ष संपतं. वर्षाला पिढी एकच.

भारी काळ्या जमिनीचे शेतकरी उशिराची तूर अजून सोडत नाहीत. तिथे ओल टिकते, आणि उंच झाडाच्या तुराट्या चुलीला व कुडाला होतात.