टिपऱ्या, टाळ्या आणि तबकडीवरची नावं

भाद्रपदाची पौर्णिमा झाली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटाखालच्या गावांत, संध्याकाळी मुलींचे घोळके निघत. भुलोबा-भुलाबाईची मातीची जोडमूर्ती घरोघर मांडलेली असे. एका घरची गाणी संपली की दुसऱ्या घरी, असं कोजागिरीपर्यंत महिनाभर चाले. एक मुलगी ओळ उचलायची, बाकीच्या ती झेलायच्या आणि टिपऱ्या ठेका धरायच्या. शेवटी खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हलवायचा, गोड की तिखट ते विचारायचं आणि ओळखू येत नसलं तरी हटायचं नाही. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांची खोपडी करून भुलाबाई तिच्यात बसवली की तो महिना संपे. गाणी कुणी रचली, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती आमचीच होती.

पुढे कॉलेजच्या वसतिगृहात एका मैत्रिणीकडे कार्पेंटर्सची कॅसेट होती. तिच्यातलं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ आम्ही इतकं वाजवलं की फीत घासली. ते गाणं मूळचं त्यांचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. १९६१ साली डेट्रॉईटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुलींनी ते गायलं होतं. त्यांच्या गटाचं नाव मार्व्हलेट्स. मूळ तबकडी ऐकली तेव्हा आधी आठवलं ते आमचं अंगण. तिथेही एक मुलगी ओळ उचलत होती, बाकीच्या झेलत होत्या आणि टिपऱ्यांच्या जागी टाळ्या होत्या.

साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गानगटांबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. जे बोललं जातं ते बीटल्सपासून सुरू होतं. पण बीटल्सनी १९६३ मध्ये आपल्या पहिल्या दोन अल्बममध्ये याच मुलींची गाणी घेतली होती. शिरेल्सची दोन आणि मार्व्हलेट्सचं एक. म्हणून या गाण्यांकडे आपल्या अंगणातून पाहावं आणि एक प्रश्न विचारावा, असं मनात आलं. गाणं राहतं, पण ते गाणाऱ्या मुलींच्या नावाचं काय होतं?

उचलणारी आणि झेलणाऱ्या

भुलाबाई आणि डेट्रॉईट यांत देवाणघेवाण झालेली नाही, हे आधीच सांगायला हवं. साम्य आहे ते मुलींनी एकत्र जमून गाण्याच्या रीतीत. कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांच्या चर्चमध्ये एकाने ओळ म्हणायची आणि समुदायाने तिला उत्तर द्यायचं, ही जुनी पद्धत. आपल्या भजनातल्या टाळकऱ्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. देवासाठी आळवलेला तोच सूर पुढे माणसाच्या प्रेमाकडे आणि विरहाकडे वळला, नाचाच्या ठेक्याला जोडला गेला आणि त्याला ‘सोल’ म्हणजे आत्म्याचं संगीत असं नाव पडलं. डेट्रॉईटच्या मोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रणाची कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली.

शिरेल्स या न्यू जर्सीतल्या पसेइक गावच्या चौघी शाळासोबती. १९५८ साली निघालेलं त्यांचं पहिलं गाणं त्यांनी स्वतःच रचलेलं होतं. त्यात आठवड्याचे वार एकामागून एक येतात आणि चौघी आळीपाळीने ते उचलतात. रविवारी तो भेटला, असं सुरू होऊन आठवडा संपता संपता त्याला निरोप दिला जातो. पहिलीपासून मोजत जाणारी भुलाबाईची गाणी ज्यांच्या तोंडात बसली आहेत, त्यांना ही साखळी परकी वाटणार नाही. मोजणीमुळे गाणं पाठ होतं आणि प्रत्येकीला आपली पाळी मिळते. नवी मुलगीही दुसऱ्या फेरीपासून सामील होऊ शकते.

एकटीने न विचारलेलं

या गटाने १९६० च्या अखेरीस ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणं काढलं. ते कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन या तरुण जोडप्याचं. चाल बांधली तेव्हा कॅरोल अठरा वर्षांची होती. आजच्या रात्रीनंतर उद्याही तुझं प्रेम राहील का, एवढाच त्यातला प्रश्न. पण त्या काळच्या मुलीने तो उघड विचारणं सोपं नव्हतं. जानेवारी १९६१ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला तो मान प्रथमच मिळत होता.

आपल्याकडे कारल्याच्या वेलाचं गाणं आठवावं. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू आधी बी पेरायला सांगते, मग वेल वाढू दे म्हणते, मग कारली लागू देत म्हणते. अटी संपत नाहीत. घरात सासूसमोर हे बोलायची सोय नव्हती. पण अंगणात दहाजणी मिळून गायल्या तर कोण बोललं ते कुणाला सांगता येणार? घोळक्याचा आवाज म्हणजे एक आडोसाच. शिरेल्सच्या प्रश्नालाही मागच्या तिघींच्या आवाजाचा तसाच आडोसा होता. मार्व्हलेट्सच्या गाण्यातली मुलगी टपालवाल्याला थांबवून आपलं पत्र शोधायला लावते. मुऱ्हाळी येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेली आपल्या गाण्यांतली सासुरवाशीण तिच्या फार लांबची नाही.

तबकडीवरचं नाव

इथपर्यंत दोन्हीकडच्या वाटा शेजारून जातात. बाजार आला तिथे त्या फुटल्या.

टपालवाल्याचं गाणं आणलं मार्व्हलेट्समधल्या जॉर्जिया डॉबिन्सने. एका ओळखीच्या माणसाची जुनी रचना घेऊन तिने ती नव्याने लिहिली. मोटाउनच्या लेखकांनी तिच्यावर हात फिरवला. त्यांतले फ्रेडी गॉर्मन खरोखरच टपाल वाटत असत. पण ध्वनिमुद्रणाआधी जॉर्जियाला गट सोडावा लागला. आई आजारी होती आणि वडिलांचा गाण्याला नकार होता. ग्लॅडिस हॉर्टनने मुख्य आवाज दिला आणि १९६१ च्या डिसेंबरात मोटाउनला यादीतलं पहिलं अव्वल गाणं मिळालं. जॉर्जियाचं नाव लेखकांत राहिलं, आवाज राहिला नाही. त्या अल्बमच्या वेष्टनावर मुलींच्या फोटोऐवजी टपालपेटीचं चित्र होतं.

१९६२ मध्ये ‘ही इज अ रिबेल’ हे गाणं क्रिस्टल्स या गटाच्या नावाने निघालं आणि पहिलं आलं. प्रत्यक्षात ते गायलं होतं डार्लीन लव्ह आणि तिच्या ब्लॉसम्स या गटाने. निर्माते फिल स्पेक्टर यांना घाई होती. क्रिस्टल्स न्यूयॉर्कमध्ये होत्या, ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये होतं आणि क्रिस्टल्स हे नाव निर्मात्याच्या मुठीत होतं. जिने गायलं तिचं नाव तबकडीवर नव्हतं. ज्यांचं नाव होतं त्यांना स्वतःचंच गाणं नव्याने शिकून रंगमंचावर म्हणावं लागलं.

शिरेल्सना सांगितलं गेलं होतं की त्यांचे पैसे सज्ञान होईपर्यंत राखून ठेवले आहेत. वय झालं तेव्हा तसा ठेवा नसल्याचं त्यांना कळलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९६५ मध्ये तडजोडीने मिटलं. डेट्रॉईटच्या सुप्रीम्सची १२ गाणी १९६४ ते १९६९ या काळात पहिली आली. पण १९६७ मध्ये गटाच्या नावाआधी डायना रॉसचं नाव लागलं आणि गट उभारणारी फ्लॉरेन्स बॅलार्ड त्याच वर्षी बाहेर पडली. पुढे तिला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. १९७६ साली ती गेली तेव्हा ३२ वर्षांची होती.

आपल्याकडेही तबकडीची रीत वेगळी नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं नाव होतं. लताबाईंना पुढे त्यांचं नाव मिळालं. ‘आणि साथी’ एवढ्या दोन शब्दांत मावलेल्या कोरसमधल्या बायका मात्र तिथेच राहिल्या.

नाव नसणं आणि नाव जाणं

भुलाबाईच्या गाण्यांना कर्ती नाही, याचं आपण कौतुक करतो. ते योग्यही आहे. तिथे कुणाचं नाव पुसलं गेलं नाही, कारण गाणं विकायचं नव्हतं. ओळ विसरली तर शेजारणीने भरून काढायची, नवी सुचली तर घालायची. डार्लीन लव्हच्या बाबतीत मात्र गाणं विकलं गेलं, त्याची मोजदाद झाली आणि त्या हिशेबातून तिचं नाव वगळलं गेलं. दोन्हीकडे तबकडीवर वा वहीत नाव सापडत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी सारख्या ठरत नाहीत.

पण हा फरक आता आपल्याकडेही पुसट होतो आहे. भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात, मोबाईलवर चित्रफिती फिरतात. त्यांवर चित्रफीत टाकणाऱ्याचं नाव असतं, गाणाऱ्या आजीचं बहुधा नसतं. गाणं अंगणातून बाजारात येताना पहिला बळी नावाचा जातो, हे साठ वर्षांपूर्वीच्या त्या मुली सांगून गेल्या आहेत.

वेगळी वाटही आपल्याच राज्यात पडलेली आहे. सरोजिनी बाबर यांनी बायकांची गाणी गावोगावहून गोळा करून छापली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने १ हजाराहून अधिक गावांतल्या १ लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या, त्याही गाणारीचं नाव आणि गाव लिहून. ओवी सगळ्यांची राहिली आणि म्हणणारीही हरवली नाही.

भुलाबाईसाठी एवढं करायला मोठी संस्था लागत नाही. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींनी घरातल्या म्हातारीला गाणं म्हणायला लावावं आणि गाण्याखाली तिचं नाव लिहावं. तिच्या वेळी ओळ कोण उचलायचं, हेही विचारावं. मी माझ्या आत्याला विचारलं तेव्हा तिने आधी सात मैत्रिणींची नावं घेतली आणि मग गाणं सुरू केलं. ती सातही नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत.