शिष्यवृत्ती परीक्षेतील गणिताची पूर्वतयारी : चुकीच्या पर्यायांचा शैक्षणिक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या दर्शनी फलकांवर ज्या मोजक्या गोष्टी ठळक अक्षरांत लिहिलेल्या आढळतात, त्यांत शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांच्या नावांचा समावेश असतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाणारी ही परीक्षा अनेक वर्षे इयत्ता चौथी व सातवीच्या स्तरावर होत असे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक स्तर पाचवीपर्यंत व उच्च प्राथमिक स्तर आठवीपर्यंत गणला जाऊ लागला. त्यानंतर २०१६-१७ या वर्षापासून ही परीक्षा पाचवी व आठवीकडे गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. परीक्षेची इयत्ता अशी पुढेमागे होत राहिली. गणिताच्या तयारीची रीत मात्र बहुतांश तीच राहिली. मार्गदर्शिका, घटकनिहाय सराव, जादा तास आणि शेवटच्या महिन्यात एकामागून एक नमुना प्रश्नपत्रिका, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत शिष्यवृत्ती मिळवणारे विद्यार्थी थोडेच असतात. उरलेल्यांच्या पदरी रक्कम पडत नाही आणि प्रमाणपत्रही नाही. त्यांच्यापाशी उरते ती वर्षभराची तयारी. त्या तयारीतून गणिताची समज वाढली की केवळ पर्याय निवडण्याची सवय लागली, हा प्रश्न म्हणूनच गुणवत्ता यादीपेक्षा मोठा ठरतो. प्रस्तुत लेखात या तयारीचा विचार एका विशिष्ट बाजूने, म्हणजे विद्यार्थी निवडतो त्या चुकीच्या पर्यायाच्या बाजूने केला आहे.

कसोटीचे स्वरूप आणि अंदाजाचे गणित :

मानसशास्त्रीय मापनाच्या काटेकोर परिभाषेत प्रमाणित कसोटी म्हणजे जिचे प्रमाणके निश्चित झालेले आहेत अशी कसोटी. शिष्यवृत्ती परीक्षा त्या अर्थाने पूर्णपणे प्रमाणित म्हणता येणार नाही. परंतु समान प्रश्न, समान वेळ आणि समान गुणांकन ही लक्षणे तिच्यात आहेत. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणापासून मात्र तिला वेगळे ठेवले पाहिजे. ते सर्वेक्षण व्यवस्थेची प्रकृती तपासते, एकेका मुलाची निवड करत नाही. त्यासाठी मुलांकडून स्वतंत्र तयारी करून घेणे म्हणजे ताप मोजण्यापूर्वी तापमापक गार पाण्यात बुडवण्यासारखे आहे.

२०१७ पासून लागू झालेल्या रचनेत पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषेचे २५ व गणिताचे ५० असे ७५ प्रश्न आणि त्यांसाठी ९० मिनिटे होती. सरासरी काढली तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असून चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. अशा स्थितीत काहीही न वाचता ७५ वर्तुळे रंगवणाऱ्या मुलाची सरासरीने १८ ते १९ उत्तरे बरोबर येतील. पात्रतेसाठी ४० टक्के, म्हणजे ३० उत्तरे बरोबर हवीत. जो मुलगा केवळ १५ प्रश्न खरोखर जाणतो आणि उरलेले ६० अंदाजाने सोडवतो, त्याचीही सरासरीने १५ अधिक १५ अशी ३० उत्तरे जुळतात. म्हणजे पात्र ठरणे आणि गणित येणे यांत बरेच अंतर राहू शकते. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत कमाल २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय ठेवून दोन्ही नोंदवणे बंधनकारक केले होते. चारांतून दोन निवडण्याचे सहा प्रकार होत असल्याने तेथे अंदाज फळण्याची शक्यता एक चतुर्थांशावरून एक षष्ठांशावर येते. ही तरतूद मुलांना जाचक वाटते, पण मापनाच्या दृष्टीने ती योग्य होती.

अंदाजाचा हा हिशेब मुलांना सांगू नये असे मुळीच नाही. गुण वजा होत नसतील तर प्रश्न कोरा सोडू नये, हे त्यांना सांगितलेच पाहिजे. ते सांगायला दहा मिनिटे पुरतात. त्यासाठी वर्ष लागत नाही.

पर्याय काय सांगतात :

बहुपर्यायी प्रश्नातील चुकीच्या पर्यायांना विकर्षक म्हणतात. चांगल्या प्रश्नात विकर्षक मनाला येतील तसे घातलेले नसतात. मुले ज्या ठरावीक रीतीने चुकतात, त्या रीतीने येणारी उत्तरे तेथे मांडलेली असतात. ५०३ वजा १६८ या उदाहरणाचे उत्तर ३३५. शेजारी ४६५ हा पर्याय असेल तर तो निवडणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे : ५ मधून १, ६ मधून ०, ८ मधून ३. ३४५ निवडणाऱ्या मुलाला उसना घेणे कळले आहे. मात्र शतक सुटे करताना मधल्या शून्याचे दहा होऊन त्यांतला एक पुढे जातो आणि तेथे नऊ उरतात, हे त्याच्या ध्यानात आलेले नाही. दोघांनाही शून्य गुण मिळतात, पण दोघांची गरज एक नाही. जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशा चुकांचे पद्धतशीर विश्लेषण प्रसिद्ध केले. मुलांच्या अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसून चुकीचा नियम सातत्याने पाळल्यामुळे होतात, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्यास तो चुकीचाच नियम पन्नास वेळा गिरवतो.

दशांश अपूर्णांकांत हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘३.७, ३.६५, ३.६०५, ३.०७ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ असा प्रश्न घेतला, तर दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचणारे मूल सहाशे पाच हे सात व पासष्ट यांपेक्षा मोठे मानून ३.६०५ निवडते. दशांश म्हणजे रुपये-पैसे अशी सांगड घट्ट बसलेले मूल ३.७ चा अर्थ तीन रुपये सात पैसे असा घेते आणि ३.६५ वर खूण करते. ही सांगड वर्गातच शिकवलेली असते, हे येथे नमूद केले पाहिजे. व्यवहाराचे उदाहरण दिल्याने संकल्पना आपोआप स्पष्ट होते, हा समज तितकासा खरा नाही.

याहून विचार करण्याजोगे मूल चौथे आहे. शतांश हे दशांशाहून लहान असतात, म्हणून जितके अंक अधिक तितकी संख्या लहान, असा त्याचा समज झालेला असतो. ते ३.७ निवडते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याची चूक बरोबर उत्तराच्या आड लपून राहते. पुढे ०.३ व ०.४२ यांतील मोठी संख्या विचारली की ते ०.३ म्हणते, आणि काल बरोबर आले ते आज कसे चुकले, याचे शिक्षकाला नवल वाटते. ऑस्ट्रेलियात के स्टेसी व विकी स्टाइनले यांनी दशांशाविषयीच्या या दोन्ही समजुतींचा, म्हणजे ‘लांब ती मोठी’ आणि ‘आखूड ती मोठी’ यांचा विस्तृत अभ्यास केला आहे. एकच प्रश्न कितीही वेळा सोडवून घेतला तरी हा भेद उघड होत नाही. परस्परांना छेद देणारे दोन प्रश्न एकत्र द्यावे लागतात. बाजारातील सरावसंच प्रश्नांच्या संख्येवर भर देतात, अशा जोड्यांवर देत नाहीत. गणिताच्या तयारीत खरी उणीव आहे ती येथे.

शब्दांची अडचण :

शाब्दिक उदाहरणांसाठी मुलांना खुणेचे शब्द शिकवण्याची प्रथा आहे : ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार. परीक्षकालाही ही प्रथा ठाऊक असते. ‘राधाकडे २४ बोरे आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. सलमाकडे किती बोरे आहेत?’ येथे ‘जास्त’ हा शब्द धरणारे मूल ३० हा पर्याय निवडते आणि तो तेथे हमखास असतो. ‘ती’ हे सर्वनाम कोणाच्या बोरांकडे निर्देश करते, हे ज्याला कळले त्यालाच १८ मिळतात. ही अडचण गणिताइतकीच भाषेची आहे. तरीही एकाच प्रश्नपत्रिकेतील या दोन विषयांचे अध्यापन सहसा परस्परांशी संबंध न ठेवता चालते.

मराठीत पाऊणशे, सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच डझन अशा शब्दांची मोठी संपदा आहे. ज्या घरात हे शब्द रोज कानावर पडतात, तेथील मुलाला पावणेदोन डझन म्हणजे २१ हे हिशेबाविना उमगते. सेमी-इंग्रजी वर्गातील, तसेच भिली, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या घरातील मुलाला तेच उदाहरण दोनदा सोडवावे लागते, आधी शब्दाचे आणि मग संख्येचे. ७२ सेकंद दोघांनाही सारखेच.

उत्तर आल्यावर ते परिस्थितीशी ताडून पाहण्याची सवय हा यापुढचा टप्पा. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणात १९८३ मध्ये १३ वर्षांच्या विद्यार्थ्यांना एक उदाहरण विचारले होते : ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, एका बसमध्ये ३६ बसतात, तर किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के विद्यार्थ्यांनी भागाकार बरोबर केला. तथापि २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे उत्तर दिले, तर ३२ बसगाड्या म्हणणारे केवळ २३ टक्के होते.

सरावाची मांडणी :

घटकनिहाय सरावात लसावि-मसाविच्या प्रकरणाखाली लसावि-मसाविचीच उदाहरणे असतात. प्रकरणाचे शीर्षक हीच मोठी सूचना ठरते आणि कोणती रीत वापरावी हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही. परीक्षेत नेमका तोच निर्णय घ्यायचा असतो. डग रोरर व केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. घनफळाची उदाहरणे एकेका प्रकाराने सोडवणाऱ्यांनी सरावात ८९ टक्के व मिश्र क्रमाने सोडवणाऱ्यांनी ६० टक्के यश मिळवले. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाचे यश २० टक्क्यांवर आले आणि दुसऱ्याचे ६३ टक्के राहिले. रोरर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सातवीच्या ५४ वर्गांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातही महिनाभरानंतर घेतलेल्या अघोषित चाचणीत मिश्र सरावाच्या वर्गांना ६१ व एकप्रकारी सरावाच्या वर्गांना ३८ टक्के गुण मिळाले.

मिश्र सरावात आरंभी गुण कमी पडतात, आणि त्यामुळे पालक व मुख्याध्यापक दोघेही अस्वस्थ होतात. सराव चाचणीचे गुण चढते दिसावेत या दडपणाखाली शिक्षक घटकनिहाय सरावाकडे वळतो आणि मिश्र प्रश्नांची गाठ थेट शेवटच्या महिन्यात पडते. मिश्र सराव दुसऱ्या-तिसऱ्या घटकापासूनच सुरू करणे शक्य आहे. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही, जुन्याच पुस्तकातील उदाहरणांचा क्रम बदलला तरी पुरते.

पर्याय उलट ताडून पाहण्याच्या युक्तीबाबत मात्र सरसकट मत देता येत नाही. ‘एका संख्येच्या तिपटीत ७ मिळवल्यास ५२ येतात’ या प्रश्नात १३, १५, १७, १९ हे पर्याय एकेक करून तपासणाऱ्या पाचवीच्या मुलाने काही वावगे केले असे नाही. तपासताना त्याची तोंडी आकडेमोड पक्की होते. आठवीचे मूल समीकरण न मांडता तेच करत असेल तर नववीत, जेथे बहुतांश प्रश्नांना पर्याय नसतात, त्याची बीजगणितात कोंडी होते. म्हणून आठवीच्या सरावात काही प्रश्न पर्याय झाकून द्यावेत. याउलट ४९८ × २१ सारख्या गुणाकारात पाचशे गुणिले एकवीस म्हणजे १०५००, त्यातून बेचाळीस वजा, असा विचार करून १०४५८ पर्यंत पोहोचणे ही युक्ती नसून गणितच आहे आणि ती सर्वांना शिकवावी.

अध्यापक महाविद्यालयांचे स्थान :

मागील प्रश्नपत्रिका व उत्तरसूची परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध होतात; निकालातून गुण कळतात. कोणत्या मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला, ही माहिती निकालपत्रकात नसते. ती वर्गातच मिळवावी लागते. दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे.

शालेय अनुभव कार्यक्रमासाठी शाळांत जाणारे बी.एड. व डी.एल.एड.चे छात्राध्यापक येथे उपयोगी पडू शकतात. त्यांच्याकडून बहुधा घटक चाचणी तयार करून घेतली जाते आणि तिचे संविधान-तक्ते काटेकोरपणे तपासले जातात. विकर्षक कशाच्या आधारे निवडले, हे क्वचितच विचारले जाते. चार पर्यायांचे चार रकाने आणि प्रश्नांच्या ओळी असलेला एक कागद घेऊन प्रत्येक पर्याय किती मुलांनी निवडला याची नोंद केली, तर तीस मुलांच्या वर्गाचा दहा प्रश्नांचा तक्ता एका तासिकेत पुरा होतो. बारा मुलांनी ४६५ निवडले असतील तर तो पाठ पुन्हा संपूर्ण वर्गाला हवा. दोघांनीच निवडले असतील तर मधल्या सुटीतील दहा मिनिटे, दशकांच्या काड्यांचे गठ्ठे आणि ५०३ ही संख्या एवढ्यावर काम भागते. त्यानंतर त्याच दोघांना ७०२ वजा २४५ द्यावे, तेही पर्यायांशिवाय, आणि ४५७ येतात की ५४३, ते पाहावे.