वजनकाट्याच्या खिडकीतून: प्रोग्रॅमिंगच्या भाषा, त्यांचा वेग आणि पडद्यावरची मराठी

सिल्वासाजवळच्या वासोण्याला बाहेरून येणारा माणूस बहुधा सिंह सफारी बघायला येतो. आसपासची माणसं मात्र रोज निघतात ती सिल्वासा, आमली, मसाट, राखोलीच्या कारखान्यांकडे. प्लास्टिक, केबल, पॉलिएस्टरचा धागा, काहीही असो. माल आत येताना आणि बाहेर जाताना ट्रक वजनकाट्यावर चढतो. एकदा भरलेला, एकदा रिकामा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ वजन. काट्याशेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या पडद्यावर गाडी नंबर, पार्टीचं नाव, माल, वजन आणि चिठ्ठी छापायचं बटण. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं नेहमी विचारतात, ‘सगळ्यांत फास्ट भाषा कोणती? आणि स्क्रीन कशात चांगली बनते?’ या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, ते या छोट्याशा खोलीत फार स्पष्ट दिसतं.

आधी वेगाचं बघू. २०१७ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २७ भाषांची तुलना प्रसिद्ध केली. तीच गणितं प्रत्येक भाषेत सोडवायची आणि लागलेला वेळ, वीज आणि मेमरी मोजायची. सीला लागलेला वेळ १ धरला, तर रस्टला १.०४, सी प्लस प्लसला १.५६, जावाला १.८९ आणि पायथनला जवळजवळ ७२. हा तक्ता पाहून अनेकांनी पायथनला नावं ठेवली. आकडे खरे आहेत, पण ते सलग आकडेमोडीचे आहेत. काट्यावरचा प्रोग्रॅम आकडेमोड करतोच किती? एक वजाबाकी.

काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने वजन पाठवतो. ९६०० बॉडचा वेग धरला, तर एका अक्षराला दहा बिट या हिशेबाने सेकंदाला ९६० अक्षरं येतात. सोळा अक्षरांची एक ओळ पोचायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. ती ओळ वाचून त्यातला आकडा काढायला पायथनला काही मायक्रोसेकंद पुरतात. सीला त्याहून कमी. दोघंही केबलची वाट बघत बसतात. वर ट्रक हलायचा थांबून आकडा स्थिरावायला काही सेकंद जातात ते वेगळेच. इथे पायथनच्या जागी रस्ट आणून एकही ट्रक लवकर सुटणार नाही.

तरी काट्यावरचा माणूस म्हणतो, ‘सॉफ्टवेअर हँग होतं.’ त्याचं म्हणणं खरं असतं, फक्त कारण भाषेत नसतं. खिडक्या-बटणांचा कुठलाही प्रोग्रॅम आतून एका फेऱ्यात चालतो: बटण दाबलं का, कळ दाबली का, पडदा पुन्हा रंगवायचा का, हे एकामागून एक बघत राहायचं. सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा तर प्रत्येक फेरीला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. याच फेऱ्यात कोणी ‘सिरियल केबलच्या पोर्टवर ओळ येईपर्यंत थांब’ असं लिहिलं, की सगळी खिडकी गोठते. सी प्लस प्लसमध्ये लिहिलं तरी गोठते. म्हणून चांगली टूलकिट, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची तयार साधनं, वाट बघण्याचं काम फेऱ्याबाहेर ठेवायची सोय देतात. क्यूटीमध्ये पोर्टवर काही आलं की सिग्नल मिळतो, जावाच्या स्विंगमध्ये स्विंगवर्कर आहे, व्हिज्युअल बेसिकमध्येही एमएसकॉमचा ऑनकॉम इव्हेंट होता. सोय होती, लिहिणाऱ्याने ती वापरली नाही, आणि बदनाम भाषा झाली, असं पुष्कळदा घडलं आहे.

व्हिज्युअल बेसिकबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९१ साली ते आलं आणि खिडकी बनवणं म्हणजे फॉर्मवर बटण ओढून आणून ठेवणं, इतकं सोपं झालं. १९९८ ची सहावी आवृत्ती या मूळ घडणीची शेवटची. तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात, कारण मायक्रोसॉफ्टने त्यांना लागणारा रनटाइम अजून सोडलेला नाही. लहान कारखान्याच्या मालकाला हे फार मोलाचं वाटतं. १९९५ ची डेल्फी याच जातीची, आणि ती थेट मशीन कोडमध्ये उतरत असल्याने चपळही. तिचे रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनीच पुढे सी शार्प घडवली. २००२ च्या डॉट नेटमधल्या विनफॉर्म्सवर डेल्फीची छाप स्पष्ट दिसते.

दुसरी परंपरा युनिक्सकडची. जॉन ओस्टरहाउट यांचं टीके १९९१ च्या सुमाराचं. पायथनसोबत येणारं टीकिंटर म्हणजे त्याच टीकेवर घातलेलं पायथनचं आवरण. क्यूटी नॉर्वेतल्या दोघा तरुणांनी सुरू केलं आणि १९९५ साली ते लोकांपुढे आलं. जीटीके हे गिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी बनलेलं. क्यूटी आणि जीटीकेचं मर्म असं, की बटण रंगवणं, यादी सरकवणं ही मेहनतीची कामं सी किंवा सी प्लस प्लसमध्ये होतात आणि वरून हुकूम कुठल्याही भाषेतून देता येतो. पायथनमधून क्यूटी वापरलं, की खिडकी जवळजवळ सी प्लस प्लसच्याच वेगाने चालते.

जवळजवळ म्हटलं, त्याला कारण आहे. महिनाअखेरीचं रजिस्टर उघडायचं, एक लाख ओळी, आठ रकाने. प्रत्येक चौकटीसाठी वेगळी वस्तू बनवली तर पायथनला आठ लाख वस्तू घडवाव्या लागतात आणि तेव्हा पायथनचा संथपणा खरंच अंगावर येतो. त्याऐवजी क्यूटीची मॉडेल-व्ह्यू पद्धत वापरली, तर टूलकिट फक्त पडद्यावर दिसणाऱ्या चाळीसेक ओळींची माहिती मागतं. स्विंगचं जेटेबल, जीटीके ४ ची यादी, फ्लटर या टूलकिटचं लिस्टव्ह्यू बिल्डर हे सगळे याच वाटेने जातात. माझ्या मते टूलकिट निवडताना भाषेच्या तक्त्याआधी ही सोय तपासावी.

वेबपानांच्या तंत्राने खिडक्या बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनबद्दल थोडक्यात. त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्यासोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन येतो. प्रोग्रॅम लिहिण्याचा एडिटर व्हीएस कोड त्यावरच चालतो आणि उत्तम चालतो. पण चार जीबी मेमरीच्या काट्यावरच्या मशीनवर एका वजाबाकीसाठी एवढा भार टाकणं मला पटत नाही.

आता मराठी वाचकाच्या खऱ्या जिव्हाळ्याची गोष्ट. वेगाचे तक्ते शेकडो मिळतात. ‘या टूलकिटमध्ये मराठी नीट उमटते का?’ हा रकाना त्यांत नसतो. ‘निव्वळ’ हा शब्द घ्या. मेमरीत तो सहा चिन्हांचा असतो: न, मग वेलांटी, मग व, हलन्त, व आणि ळ. पडद्यावर मात्र वेलांटी न च्या आधी यायला हवी आणि दोन व जोडले जायला हवेत. ही जुळणी करणारा वेगळा भाग लागतो. तो नसेल तर वेलांटी न च्या मागे लोंबते, पाय मोडलेला व सुटा उभा राहतो.

व्हिज्युअल बेसिक ६ ची मूळ बटणं आणि चौकटी युनिकोड जाणत नव्हत्या. म्हणून त्या काळात शिवाजी, किरण, कृतीदेव असे फॉन्ट वापरून मराठी लिहिली गेली. आत साठायची इंग्रजी अक्षरं, दिसायची देवनागरी. फॉन्ट बदलला की पार्टीचं नाव म्हणजे अगम्य चिन्हांची रांग. अकारविल्हे लावणं नाही, धड शोधणं नाही.

विंडोज २००० ने चित्र बदललं. त्यात युनिस्क्राइब नावाचा जुळणी करणारा भाग होता आणि मंगल हा देवनागरी फॉन्ट. मंगलचे रचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे आपले र. कृ. जोशी: कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. २००८ साली ते गेले. कोट्यवधी लोकांनी कॉम्प्युटरवर पहिली युनिकोड देवनागरी पाहिली ती त्यांच्या अक्षरांत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असायला हवं. लिनक्सकडे २००२ च्या जीटीके २ सोबत पँगो हा जुळणीचा भाग आला. २००४ साली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने सर्वांसाठी खुले केले. पुढे हार्फबझ हा जुळणीचा भाग इतका पक्का झाला, की फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिसने तो घेतला. जावानेही नवव्या आवृत्तीत, २०१७ साली, आपला जुना भाग काढून तोच बसवला. फ्लटर आपली बटणं स्वतः रंगवतं, पण अक्षरं जुळवायला हार्फबझकडेच जातं.

सगळीकडे अशी स्थिती नाही. टीकिंटरचा तोच प्रोग्रॅम विंडोजवर मराठी ठीक दाखवतो आणि लिनक्सवर जोडाक्षरं मोडतो, कारण टीके ८.६ तिथे जुळणी करतच नाही. किवी हे पायथनचं टूलकिट नेहमीच्या मांडणीत वापरलं तर हाच अनुभव येऊ शकतो. डिअर आयएमजीयूआय हे टूलकिट विजेसारखं चपळ, पण अक्षरजुळणी त्याच्या कक्षेतच नाही. वेगाच्या स्पर्धेत ते पहिलं आलं तरी आपल्या चिठ्ठीच्या कामाचं नाही.

सिल्वासाच्या काट्यावर मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे ड्रायव्हर येतात. वजनाची चिठ्ठी त्यांच्या हातात पडते आणि भाड्याचा हिशेब तिच्यावर ठरतो. तिथे ‘निव्वळ’ मोडका छापला जाणं हा दिसण्यापुरता दोष नाही. म्हणून नवं टूलकिट हाती आलं, की मुलांनी आधी ‘निव्वळ’, ‘ट्रक’, ‘ड्रायव्हर’ आणि ‘दुसऱ्या’ हे चार शब्द एका बटणावर लिहून बघावेत. दुसऱ्यातला ऱ्य नीट उमटला की बहुतेक पेपर पास. मग मजकुराच्या चौकटीत तेच शब्द टाइप करून एकेक अक्षर खोडून बघावं. कर्सर जोडाक्षरात कुठे अडकतो ते तेव्हा कळतं.

आज असा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा तर मी दोनच पर्याय सुचवेन. फक्त विंडोजवर चालवायचा असेल तर सी शार्प आणि विनफॉर्म्स. उद्या लिनक्सवर न्यायचा असेल तर पायथन आणि क्यूटी, आणि त्यांना जोडणाऱ्या पायक्यूटी व पायसाइड या दोन आवरणांपैकी पायसाइड. कारण पायक्यूटीचा परवाना जीपीएल किंवा विकतचा, तर पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं आणि विक्रीच्या प्रोग्रॅमला ते सोयीचं पडतं. दोन्हींत टॅबचा क्रम ठरवता येतो आणि फंक्शन कळांना कामं जोडता येतात. रात्रपाळीला ट्रकांची रांग लागली, की काट्यावरचा माणूस माउसला हातही लावत नाही. गाडी नंबर, एंटर, पार्टी, एंटर, एफ ९ आणि चिठ्ठी बाहेर.